परीक्षेचं गाव

शलाका हुद्दार परीक्षेत दोनदा नापास झाली होती. पण त्याहून जास्त तिला झोंबलं होतं ते नणंदेचं पहिल्याच फटक्यात पास होणं. हे ती कोणाजवळ बोलली नव्हती. तरीही सांगलीच्या सुयोग कॉलनीत हे ठाऊक नसलेला माणूस सापडला नसता.

नणंद-भावजयीचं मिळून एक छोटं ऑफिस होतं. दवाखाने, पाणीपुरवठा, बाजार समित्या अशा सार्वजनिक कामांच्या सॉफ्टवेअरची रचना करून देणं हा त्यांचा धंदा. डोकं शलाकाचं, गिऱ्हाइकाशी गोड बोलणं ऋजुताचं. दोघी एकमेकींना पुरून उरत, म्हणून धंदा बरा चालला होता. मग कायदा आला. पूल बांधायचा तर नकाशाखाली परवानाधारक अभियंत्याची सही लागते. मग ज्या सॉफ्टवेअरच्या जोरावर अख्ख्या शहराला पाणी सुटतं, त्याच्या नकाशाखाली कोणाचीच सही नको? प्रश्न वाजवी होता. उत्तर म्हणून सॉफ्टवेअर रचनाकाराची परीक्षा आली आणि ती पास होणाऱ्यालाच सहीचा हक्क मिळाला. तेव्हापासून शलाकानं रात्रंदिवस खपून रचना करायची आणि खाली ऋजुतानं सही ठोकायची, असा नवा संसार सुरू झाला.

"वहिनी, इथे करू ना सही? वाचून करू की तशीच?" ऋजुता विचारायची.

"वाचून कळणार असेल तर वाचा, वन्सं."

'वन्सं' हा शब्द आजेसासूबाईंबरोबरच घरातून गेला होता. शलाकानं तो खास टोचायच्या कामासाठी परत आणला होता.

परीक्षेला संधी तीनच. तिसरी हुकली की पाच वर्षं दार बंद. आपल्या रचनेखाली दुसऱ्याची सही म्हणजे आपल्या पोराच्या दाखल्यावर दुसऱ्याचं आडनाव, आणि ते पाच वर्षं बघत बसायचं, या कल्पनेनंच शलाका जेवण अर्धवट टाकून अभ्यासाला बसे.

पूर्वी ही परीक्षा चार पर्यायांपैकी एकावर बोट ठेवून व्हायची. क्लासवाल्यांनी वर्षभरात तिचा चोथा केला. मग परीक्षा मंडळानं गाव आणलं.

कल्पना तशी साधी. नवा पूल तपासताना त्यावर वाळूनं भरलेले ट्रक नेऊन उभे करतात. सॉफ्टवेअर तपासायचं तर त्यावर माणसं सोडायला हवीत. पण तुमच्या परीक्षेसाठी दहा वर्षं कोण देणार? म्हणून सावल्या. सावली म्हणजे माणसाची फक्त सवय काढून घेतलेली प्रत. माणसानं राजीखुशीनं होकार दिला की काही आठवडे त्याचा फोन आणि घरातली यंत्रं त्याच्याकडे बघत राहतात. सूचना आली की तो उघडतो की बोटानं भिरकावून देतो? 'करतो' म्हटलेल्यातलं किती करतो? रांग दिसली की उभा राहतो, की आत कोणी ओळखीचं आहे का ते बघतो? तो काय बोलला, कोणाशी बोलला, हे ठेवत नाहीत. ठेवतात तो फक्त कल. अशा शेकडो सावल्या एका काल्पनिक गावात वसवायच्या, उमेदवाराचं सॉफ्टवेअर त्यांच्या हाती द्यायचं आणि घड्याळ पळवायचं. सावल्यांना झोप नाही, जेवण नाही, टीव्ही नाही, त्यामुळे दहा वर्षं तासाभरात उरकतात. शेवटी गाव कसं आहे, त्यावर गुण.

माणूस काय करेल हे सावलीला ठाऊक नसतं. सवय काय करेल एवढंच ठाऊक असतं. हे वाक्य मंडळाच्या माहितीपुस्तिकेत ठळक छापलं होतं, आणि ठळक छापलेलं असतं तसं ते कोणीही वाचलेलं नव्हतं.

यंदाचा विषय आधीच जाहीर झाला होता. घराघरांत धूळ खात पडलेल्या वस्तू (शिडी, ड्रिल, शेवेचा सोऱ्या, चाकाची खुर्ची) लोकांना एकमेकांकडून नेता-आणता येतील अशी व्यवस्था रचायची. गाव मात्र ऐन वेळी मिळणार, तेही अनोळखी. सरावासाठी ज्यानं त्यानं आपापलं गाव जमवायचं.

शलाकानं कॉलनीच्या गटावर एक निरोप टाकला आणि दोन दिवसांत अख्खी कॉलनी सावल्या द्यायला तयार झाली. वर्गणी मागितली असती तर निम्मी गावाला गेलेली असती.

सरावाच्या गावात सावल्यांची नावं झाकलेली असत. पण कॉलनीत राहणाऱ्याला नावं कशाला लागतात? गावात शिडी एकच होती, म्हणजे ते बँकेतून निवृत्त झालेले मिरजकरकाका. एकही सूचना न उघडणारी सावली कोणाची, हे विचारायलाच नको होतं.

"माझी सावली काय करते गं तुझ्या गावात?" शलाकाच्या नवऱ्यानं, निनादनं, जेवताना विचारलं.

"काही सांगितलेलं ऐकत नाही."

"हे कळायला एवढं मोठं यंत्र लागलं?"

खरी गंमत पुढेच झाली. पहिल्या घरातल्या चौगुलेकाकू एका सकाळी "सहजच आले गं" म्हणत आल्या. सहज आलेली माणसं इतक्या घाईनं चपला काढत नाहीत.

"तिथं माझं कसं चाललंय?" त्यांनी आवाज खाली आणून विचारलं.

"काकू, सांगायचं नसतं. नियमच आहे तसा."

"तब्येत तरी बरी आहे ना माझी?"

"सावलीला तब्येत नसते, काकू."

"म्हणजे गुडघे नाहीत! सुखी आहे म्हण की." काकू क्षणभर हरखल्या. मग त्यांना मूळ प्रश्न आठवला. "आणि आमचे हे? तिथं तरी उठून पाणी घेतात का?"

नियमाला कारण होतं. आपली सावली काय करते हे कळलं की माणूस बदलतो, आणि माणूस बदलला की त्याची सावली शिळी होते. शलाका हे सगळ्यांना समजावून सांगत असे. सगळे मान डोलावत आणि मग पुन्हा तोच प्रश्न विचारत. पत्रिका बघणाऱ्याकडेही इतकी गर्दी नसेल.

फक्त मिरजकरकाकांपुढे तिची जीभ घसरली. काकांनी जन्मात कोणाला शिडी दिली नव्हती. ती त्यांच्या गॅलरीत साखळीनं बांधलेली असे, आणि ती साखळी बघून कोणी मागायलाही गेलं नव्हतं.

"माझी शिडी सुखरूप आहे ना तिथं?" त्यांनी विचारलं.

"काका, तुमची शिडी गावभर फिरते. आणि तुम्ही सगळ्यांचे लाडके आहात!"

काकांचा चेहरा आधी पडला, मग विचारात पडला. "मी? दिली? स्वतःहून?"

दुसऱ्या दिवशी काका खांद्यावर शिडी घेऊन फाटकाशी उभे. "कोणाला हवी आहे का?" कोणालाच कुठे चढायचं नव्हतं. काका कॉलनीला दोन फेऱ्या घालून आले. शेवटी चौगुलेकाकूंना दया आली आणि त्यांनी एक धडधाकट दिवा उगीचच बदलून घेतला. काका इतके खूश झाले की शिडी त्यांनी स्वतःच धरली आणि वर चढलेल्या चौगुलेकाकांना बराच वेळ सल्ले दिले.

हे सगळं मजेचं होतं, पण अभ्यासाची घडी बसत नव्हती. शलाकाचं सरावाचं गाव दर वेळी चौथ्या वर्षाच्या आसपास बसायचं. आधी लोक हौसेनं वस्तू देत-घेत, मग देणं कमी होई, आणि मग शिडी, सोऱ्ये, खुर्च्या आपापल्या घरी गप्प. कारण तिच्या मते उघड होतं. लोक वस्तू वेळेवर परत करत नाहीत. म्हणून तिनं परतीची तारीख घातली. मग आठवण घातली. मग उशीर करणाऱ्याच्या नावापुढे लाल ठिपका आणि वेळ पाळणाऱ्याला तारे. ती जितके स्क्रू आवळी, तितकं गाव लवकर मरे.

"माझ्या वेळच्या परीक्षेत मी सरळ दंड लावला होता," ऋजुता तिच्या खुर्चीमागून म्हणाली. "माझं गाव रखडत का होईना, दहा वर्षं टिकलं. काठावर पास. पण पास, बरं का!"

"तो 'बरं का' तेवढा स्वतःजवळ ठेवा, वन्सं."

चिडून शलाकानं यंत्राला विचारलं: या गावात सगळ्यांत जास्त लाल ठिपके कोणाला? इतरांची नावं झाकलेली असली तरी उमेदवाराला स्वतःची सावली उघडी दिसत असे. यंत्रानं ती दाखवली. गावातली सर्वांत मोठी उशीरखोर बाई होती शलाका हुद्दार.

ऋजुता इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं.

"यंत्र चुकतंय," शलाका म्हणाली. "मी कोणाची वस्तू ठेवून घेत नाही." आणि ती तणतणत घरी आली, स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेली आणि फळीसमोर थबकली. फळीवर चौगुलेकाकूंचा स्टीलचा डबा होता. त्याच्या शेजारी मिरजकरांचं झाकणाचं पातेलं. त्यामागे एक बरणी, कोणाची ते चटकन आठवेना. सगळी घासून, पुसून, लखलखीत.

"आई, हे अजून आपल्याकडेच?" तिनं सासूबाईंना विचारलं.

"मला काय विचारतेस? तूच म्हणालीस, रविवारी काहीतरी करते, मग देऊ."

"मग निदान साखर घालून..."

"त्यांनी सांज्याच्या पोळ्या पाठवल्या, आणि आपण साखर?" सासूबाई म्हणाल्या. "मग तूच जा द्यायला. मी नाही जायची."

शलाकाही गेली नसती. शेजाऱ्याचं भांडं रिकामं परत धाडायचं नाही, हे तिला कोणी शिकवल्याचं आठवत नव्हतं. पण तिचा हात रिकामा डबा घेऊन उंबरा ओलांडत नव्हता, हे खरं. आणि तिच्या सावलीनं नेमकं हेच उचललं होतं. गावातली शलाका शेजाऱ्याचं ड्रिल मुद्दाम दाबून बसली नव्हती. ड्रिलबरोबर काय द्यावं, ते तिला सुचत नव्हतं.

तिथल्याच स्टुलावर बसून तिनं लॅपटॉप उघडला आणि सगळ्या नोंदी नव्या डोळ्यांनी पाहिल्या. आजवर तिनं उशीर मोजला होता. उशिरानंतर काय होतं हे पाहिलंच नव्हतं. ज्या दोन घरांत वस्तू रेंगाळत परत गेली होती, त्यांच्यात पुढची देवघेव लगेच झाली होती. जिथे ती लाल ठिपक्याच्या धाकानं वेळेवर गेली, तिथे पुढे काहीच नव्हतं. देणं फिटलं, विषय मिटला. शेजाऱ्याची थोडी बाकी आपल्याकडे आणि आपली थोडी त्याच्याकडे असली, म्हणजे दार वाजवायला निमित्त राहतं. तिचं सॉफ्टवेअर नेमकी ती निमित्तं शोधून शोधून पुसत होतं.

तिनं रचना मोडली आणि नव्यानं मांडली. परतीची तारीख नाही. आठवण नाही. तारे नाहीत. फक्त ज्याची वस्तू आहे त्यानं 'मला लागणार आहे' म्हटलं की ती निघाली पाहिजे. आणि वस्तूबरोबर दुसरं काही पाठवायचं असेल तर ते लिहायला एक मोकळी जागा.

ऋजुतानं ती रचना वाचली. या वेळी खरंच वाचली.

"वहिनी, परतीची तारीखच नाही यात. वेळेवर परत करण्याला वेगळे गुण आहेत. तिथे तुला शून्य मिळणार."

"माहीत आहे."

"कॉलनीच्या सावल्यांवर चालेल हे. पण तिथं गाव परकं असणार. कुठकुठली माणसं असतील."

"तेही माहीत आहे."

मग ऋजुता टोमण्याशिवाय बोलली, म्हणून शलाकानं मान वर करून पाहिलं. "मला पाच वर्षं सही करायला काही जड नाही गं. पण दर वेळी सही करताना तुझं तोंड बघवत नाही मला. एवढं लक्षात ठेव आणि काय करायचं ते कर."

परीक्षेचं केंद्र कोल्हापूरला होतं. ऋजुतानं गाडी काढली आणि वाटेत एकदाही गाडी कशी चालवावी यावर शलाकाचं मत ऐकून घेतलं नाही. उमेदवारांच्या सोबत्यांना काचेपलीकडे बसायची सोय होती. प्रत्येक टेबलावर एक पडदा, पडद्यावर एक गाव. घरं म्हणजे ठिपके, आणि दोन घरांत देवघेव झाली की त्यांच्यामध्ये एक बारीक उजळ रेघ. पर्यवेक्षक होत्या फडतरे मॅडम. चष्मा नाकाच्या शेंड्यावर, आणि कोणाच्याही उत्तरावर भुवई न हलवण्याची कमावलेली ताकद.

पहिलं वर्ष शलाकानं कसंबसं पाहिलं. वस्तू गेल्या त्या गेल्या. ज्याच्या-त्याच्या घरात दुसऱ्याचं सामान साठत चाललं. पडद्याच्या तळाशी 'वेळेवर परत'ची पट्टी लालभडक झाली. शेजारच्या टेबलावरच्या तरुणाचं गाव घड्याळासारखं चाललं होतं. गेलेली वस्तू ठरल्या दिवशी घरी. त्यानं शलाकाच्या पडद्याकडे पाहिलं आणि सभ्यपणे नजर वळवली, जशी आपण दुसऱ्याच्या फाटक्या सदऱ्यावरून वळवतो.

तिसऱ्या वर्षाच्या अखेरीस गाव थांबलं. पडद्यावर प्रश्न आला: रचनेत दुरुस्ती करायची आहे का?

"एकदाच मिळते," मागून जाताना फडतरे मॅडम म्हणाल्या. "बहुतेक जण घेतात."

परतीची तारीख आणि ऋजुताचा तो दंड घालायला शलाकाला दोन बोटांचं काम होतं. ते घातलं असतं तर ऋजुतासारखं काठावर का होईना, गाव दहा वर्षं रखडलं असतं, आणि सहीचा हक्क हातात आला असता. काचेपलीकडे ऋजुता उभी राहिली होती, आणि आयुष्यात प्रथमच ती काही सुचवत नव्हती. शलाकानं पडदा पुन्हा पाहिला. उजळ रेघा थोड्या होत्या. पण आधी उमटलेली एकही रेघ विझलेली नव्हती. गाव परकं होतं, कबूल. पण उसनं आणलेलं रिकाम्या हातानं परत देताना अवघडणारी माणसं फक्त सांगलीतच राहतात, असं मानायला ती तयार नव्हती.

तिनं 'दुरुस्ती नको'वर बोट ठेवलं.

चौथं वर्ष लागलं. शेजारच्या तरुणाच्या गावात रेघा विरळ होऊ लागल्या. शलाकाच्या गावात एक रेघ दोनदा उमटली, मग तीनदा. मग तिच्यातून तिसऱ्या घराकडे फाटा फुटला. पाचव्या वर्षी मोकळ्या जागेत लिहिलेल्या गोष्टी वस्तूंपेक्षा जास्त झाल्या. इस्त्रीबरोबर पेरू. पंप परत, सोबत 'मुलाला गणित शिकवीन'. सातव्या वर्षी लोक वस्तू न नेताच मोकळी जागा भरू लागले: 'दवाखान्यात बसायला मी येते', 'गाडी मी चालवतो, तुम्ही मागे झोपा'. हे तर शलाकानं रचलंच नव्हतं. तिच्या रचनेत जागा होती. त्या जागेत लोक शिरले होते.

नवव्या वर्षापर्यंत स्वतःची गावं संपलेले उमेदवार तिच्या मागे गोळा झाले. "अहो, ती खुर्ची बघा, अजून त्याच घरात!" एक जण म्हणाला. "राहू दे हो, त्या म्हातारबाला लागत असेल," दुसरी म्हणाली. दोघंही विसरले होते की तिथं म्हातारबा नव्हता, एक सवय होती. काचेपलीकडे ऋजुता दोन्ही तळवे काचेला टेकवून उभी होती, आणि काच पुसणाऱ्या बाई तिच्याकडे रागानं बघत होत्या.

दहावं वर्ष सरलं. गुण आले. 'वेळेवर परत': शून्य. बाकी सगळ्या रकान्यांत इतके, की शून्य पोटात घालूनही शलाका आरामात पास. तिनं श्वास सोडला आणि शेवटचं 'गाव बंद करा' दाबलं.

पडद्यानं उत्तर दिलं: बाकी शिल्लक आहे. गाव बंद करता येत नाही.

फडतरे मॅडमनी चष्मा वर सरकवला. "असं कधी झालं नाही. दहा वर्षांनी सगळ्यांची गावं कोरी असतात. काही हरकत नाही, 'सर्व बाकी माफ' असं बटण आहे बघा. ते दाबा. गाव बंद झाल्याशिवाय निकालपत्र निघत नाही."

"दाबलं की काय होईल?"

"सगळं शून्य. मग बंद."

शलाकानं बोट नेलं. समोर सगळं गाव रेघांनी लखलखत होतं. दोनदा नापास झालेल्या, नणंदेच्या सहीला कावलेल्या बाईनं खरं तर मागचापुढचा विचार करायला नको होता. तिनं बोट मागे घेतलं.

"मॅडम, ही बाकी माझी नाही. त्यांची त्यांच्यात आहे. मी कोण माफ करणारी?"

मागे कोणी तरी "बरोबर आहे" म्हणालं. मॅडमनी त्या दिशेला एक नजर टाकली. मग त्यांनी नियमावली काढली आणि सावकाश वाचली. बराच वेळ वाचली. नियमात 'गाव बंद करावे' असं कुठेच नव्हतं. 'गावाची अंतिम स्थिती नोंदवावी' एवढंच होतं. आजवर सगळ्यांनी गावं बंदच केली, म्हणून यंत्र ते धरून चाललं होतं. मॅडमनी निकालपत्राचा कोरा नमुना घेतला, शलाकाचं नाव घातलं, 'उत्तीर्ण' लिहिलं, आणि अंतिम स्थितीच्या रकान्यात पेन टेकवून लिहिलं: चालू आहे. आणि इतक्या वर्षांनी त्यांची भुवई हलली. दोन्ही हलल्या.

ऋजुता आत कशी आली, कोणी सोडलं, कळलं नाही. तिनं कागद हिसकावून वाचला आणि भावजयीला असं कवटाळलं की पर्यवेक्षिकेनं "परीक्षागृहात शांतता राखा" असं म्हणायचं कर्तव्य उरकून घेतलं.

"माझ्या कागदावर 'बंद' आहे," ऋजुता तिच्या खांद्यावरून म्हणाली. "मी स्वतः दाबलं होतं, वहिनी. जेवायची वेळ झाली होती म्हणून."

"अहो, पण आता या टेबलाचं काय करायचं?" मॅडमना पुढची काळजी लागली. "दुपारची तुकडी यायची आहे. यांच्या गावानं जागा अडवली."

शेवटी एक कागद आणला गेला. मॅडमनी त्यावर ठसठशीत अक्षरांत लिहिलं: 'येथे गाव चालू आहे. कृपया बटण दाबू नये.' मग त्या थबकल्या. "चालू व्यवस्थेवरच्या सूचनेखाली रचनाकाराची सही लागते. नवा कायदा." त्यांनी ऋजुताच्या छातीवरचा परवान्याचा बिल्ला पाहिला आणि सवयीनं पेन तिच्यापुढे धरलं.

"माझी नाही," ऋजुता दोन पावलं मागे सरली. "यांची."

शलाकानं पेन घेतलं. सही किती मोठी करायची याचा अंदाज नव्हता, म्हणून जरा मोठीच झाली. पडद्यावर अकरावं वर्ष लागलं होतं. दुपारच्या तुकडीतला पहिला उमेदवार दारात येऊन नोटीस वाचत उभा राहिला.

"मॅडम," त्यानं विचारलं, "या गावात यायला कुठं नाव द्यायचं?"